नद्यांचे माहेर

महाराष्ट्राच्या नकाशावर उत्तरेकडून दक्षिणेकडे बोट फिरवीत गेले, तर समुद्रकिनाऱ्याला समांतर अशी डोंगरांची एक लांबच लांब रांग बोटाखाली येते. हीच सह्याद्रीची रांग होय. तापी नदीच्या दक्षिणेस सुरू झालेली ही पर्वतरांग महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ व तमिळनाडू या राज्यांतून जात जात थेट कन्याकुमारीच्या परिसरापर्यंत पोहोचते. तिची लांबी सुमारे १,६०० किलोमीटर आहे. या रांगेत, सातारा जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यात, एक उंच व विस्तीर्ण पठार आहे. ते म्हणजे महाबळेश्वर.

या ठिकाणी दरवर्षी लाखो प्रवासी येतात. कोणी थंड हवेसाठी येतो, कोणी देवदर्शनासाठी येतो, तर कोणी केवळ हिरवीगार दरी डोळे भरून पाहावी म्हणून येतो. प्रथमच येणाऱ्या प्रवाशाच्या हाती प्रेक्षणीय स्थळांची एक यादी असते. एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर जावे, तलावात नौकेतून फेरी मारावी, स्ट्रॉबेरी व मध विकत घ्यावा आणि परतावे, असा त्याचा क्रम असतो. त्यात आनंद आहे, यात शंका नाही. परंतु हा डोंगर खऱ्या अर्थाने ज्याला पाहावयाचा असेल, त्याने येथील पाण्याचा माग घ्यावा. पाणी कोठून येते, कोठे मुरते आणि कोठे जाते, हे जो पाहील, त्याच्यापुढे हा सारा प्रदेश एखाद्या ग्रंथाप्रमाणे पान पान उलगडत जाईल.

वाईहून निघालेला रस्ता कृष्णेच्या काठची शेते मागे टाकून पसरणीच्या घाटास लागतो. वळणावळणाने गाडी जसजशी वर चढते, तसतसे खालचे खोरे लहान लहान होत जाते. घाट संपला, की पाचगणी लागते. येथे वर पाहावे, तर डोंगराला शिखरच नाही! एखाद्या प्रचंड तलवारीने माथा सपाट कापून टाकावा, तसे एक रुंद पठार तेथे पसरलेले दिसते. लोक त्याला टेबललँड म्हणतात. डोंगर म्हटला, की टोकदार शिखर डोळ्यांपुढे येते. मग हा डोंगर असा सपाट कसा झाला?

याचे उत्तर फार जुन्या काळात सापडते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या भूमीला मोठमोठ्या भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त लाव्हारस बाहेर आला. तो पाण्यासारखा दूरवर पसरला, थंड झाला आणि त्याचा काळा, कठीण दगड बनला. त्यावर पुन्हा रस आला, पुन्हा थर बसला. असे थरावर थर साचत गेले आणि दख्खनचे पठार तयार झाले. या दगडालाच काळा पाषाण किंवा बेसॉल्ट म्हणतात. पावसाळ्यानंतर समोरच्या डोंगराकडे पाहिले, तर हे थर एकावर एक रचलेल्या पायऱ्यांसारखे स्पष्ट दिसतात. प्रत्येक पायरीच्या काठावर गवताची हिरवी रेघ असते आणि तिच्याखाली काळा उभा कडा असतो.

या काळ्या थरांच्या अगदी माथ्यावर मात्र निराळाच दगड आढळतो. त्याचा रंग विटेसारखा तांबूस असतो आणि त्याच्या अंगभर छिद्रे असतात. हा जांभा दगड होय. लक्षावधी वर्षे पडणाऱ्या पावसाने काळ्या पाषाणातील बरेचसे घटक धुवून नेले आणि लोहासारखी द्रव्ये मागे राहिली. त्यांपासून जांभा बनला. यातील लोखंड गाळून काढण्याचा धंदा पूर्वी या डोंगरात चालत असे. तो करणाऱ्या लोकांना धावड म्हणत. पुढे हा धंदा बंद पडला. परंतु जांभ्याचे एक दुसरे काम अद्याप चालू आहे, आणि ते लोखंडाहूनही मोलाचे आहे. सच्छिद्र असल्यामुळे तो पावसाचे पाणी आपल्या पोटात साठवितो. पाणी मुरत मुरत खाली जाते. तेथे त्याला चिकणमातीचा व कठीण पाषाणाचा थर अडवितो. मग ते आडवे वाहू लागते आणि डोंगराच्या कुशीतून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. पावसाळा सरल्यावरही जे झरे वाहत राहतात, त्यांचे रहस्य हेच आहे. डोंगराच्या माथ्यावर निसर्गाने जणू एक प्रचंड रांजणच भरून ठेवला आहे.

हा रांजण भरतो कसा, हे पाहावयाचे, तर पठाराच्या पश्चिम कडेला जाऊन उभे राहिले पाहिजे. येथील एका टोकास आर्थर सीट म्हणतात. त्याचे जुने नाव मढीमहाल असे आहे. पायांखाली जमीन एकाएकी संपते आणि शेकडो मीटर खोल अशी सावित्री नदीची दरी दिसू लागते. समोर कोकण पसरलेले असते. पाठीमागे देश असतो. दोन्ही प्रदेश एकमेकांना चिकटलेले. पण एकाची पातळी दुसऱ्याहून किती खाली! येथून अरबी समुद्र सरळ रेषेत सुमारे ६५ किलोमीटर अंतरावर आहे. हवा स्वच्छ असली, तर डोंगरांच्या निळसर रांगा एकामागून एक फिकट होत क्षितिजापर्यंत गेलेल्या दिसतात.

या कड्यांवर उभे राहणाऱ्यांना वाऱ्याचा एक चमत्कार अनुभवास येतो. दरीकडे हलके काही भिरकावले, तर ते खाली न पडता पुन्हा वर येते. वाळलेले पान कड्यावरून सुटते, क्षणभर दिसेनासे होते आणि पाहता पाहता डोक्यावरून मागे उडून जाते. यात जादू काही नाही. समुद्राकडून येणारा वारा या उभ्या भिंतीवर आदळतो आणि वर चढण्यावाचून त्याला गत्यंतर उरत नाही. जे बळ पानाला वर उचलते, तेच जून महिन्यात ढगांनाही उचलते. बाष्पाने भरलेले मोसमी वारे कड्याच्या आधाराने वर चढतात, वर चढताना थंड होतात आणि त्यांतील बाष्पाचा पाऊस होऊन तो येथे कोसळू लागतो.

आणि तो केवढा कोसळतो! महाबळेश्वरला वर्षात सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. हे सारे पाणी वाहून न जाता जागच्या जागी साचून राहिले असते, तर त्याची खोली तीन पुरुष उंचीहून अधिक भरली असती. यांपैकी बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. त्या काळात सूर्याचे दर्शन दुर्मीळ होते. धुके दारातून आत शिरते, कपडे वाळत नाहीत, शेजारचे घर दिसत नाही. म्हणून पावसाळ्यापूर्वी येथील लोक घरांच्या भिंतींना व दुकानांना बाहेरून आडोसे बांधून घेतात. भाताच्या खाचरात काम करणाऱ्यांच्या डोक्यावर पूर्वी पानांची इरली असत. आता बहुधा प्लास्टिकचे कापड असते.

परंतु ढगांची ही उदारता फार दूरवर टिकत नाही. पूर्वेस अवघ्या २० किलोमीटरांवर पाचगणी आहे. तेथे महाबळेश्वरच्या सुमारे एक तृतीयांश पाऊस पडतो. घाट उतरून वाईस आले, की तो त्याहूनही पुष्कळ कमी होतो. त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकास माण तालुका आहे. तेथे वर्षाकाठी जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि दुष्काळ तेथील लोकांच्या नेहमीच्या ओळखीचा असतो. एकाच जिल्ह्याच्या एका टोकाला पावसाने जीव नकोसा व्हावा आणि दुसऱ्या टोकाला लोकांनी आभाळाकडे डोळे लावून बसावे, ही सह्याद्रीची करणी आहे. मात्र देशाला पावसापासून वंचित करणारा हाच पर्वत नद्यांच्या रूपाने त्याला पाणी पाठवितो.

महाबळेश्वरच्या बाजारपेठेपासून काही किलोमीटरांवर क्षेत्र महाबळेश्वर हे जुने गाव आहे. तेथील पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री या पाच नद्यांचे उगम मानले जातात. दगडी देवळाच्या आत पाण्याचे प्रवाह येतात, एकत्र मिळतात आणि गोमुखातून कुंडात पडतात. भाविक ते पाणी हातांत घेऊन डोळ्यांना लावतात. नवा प्रवासी ती बारीक धार पाहून क्षणभर थबकतो. हीच का ती कृष्णा?

होय, हीच ती कृष्णा. जोरच्या खोऱ्यातून ती खाली उतरते. धोमच्या धरणात विसावते. वाईच्या घाटांना स्पर्श करून पुढे जाते. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे वेण्णा तिला येऊन मिळते. कऱ्हाडला कोयना भेटते. या दोघी बहिणी एकाच डोंगरातून निघाल्या, वेगवेगळ्या वाटांनी गेल्या आणि येथे समोरासमोर येऊन एकमेकींना भेटल्या. म्हणूनच लोकांनी या संगमाला प्रीतिसंगम असे गोड नाव दिले आहे. पुढे महाराष्ट्र सोडून कर्नाटक, तेलंगण आणि आंध्र प्रदेश या राज्यांतील लाखो एकर जमीन भिजवीत, सुमारे १,४०० किलोमीटरांचा प्रवास करून कृष्णा बंगालच्या उपसागरास मिळते. अरबी समुद्र जवळ असताना तिने दूरचा समुद्र का निवडला? कारण पठाराचा उतारच पूर्वेकडे आहे. सावित्री मात्र कड्याच्या पश्चिमेकडे उतरते, महाडवरून वाहते आणि बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. एकाच डोंगरावर पडलेल्या दोन थेंबांपैकी एक पूर्व समुद्राला जातो आणि दुसरा पश्चिम समुद्राला. सासरी गेलेल्या लेकी कितीही दूर नांदल्या, तरी त्यांचे माहेर एकच असते. तसेच हे आहे.

कोयनेची कथा आणखी निराळी आहे. महाबळेश्वराहून निघून ती सुमारे ६५ किलोमीटर दक्षिणेकडे वाहते आणि हेळवाकजवळ पूर्वेकडे वळते. या वळणाजवळ बांधलेले धरण १९६०च्या दशकात पूर्ण झाले. त्याच्या मागे शिवसागर हा विशाल जलाशय पसरला आहे. पूर्वेकडे जाणाऱ्या या नदीचे पुष्कळसे पाणी मनुष्याने डोंगरातून बोगदे खोदून पश्चिमेकडे वळविले. ते शेकडो मीटर खाली कोकणाच्या बाजूस कोसळते आणि त्याच्या जोरावर चक्रे फिरून वीज निर्माण होते. कोयना प्रकल्पाची वीजनिर्मितीची क्षमता सुमारे १,९६० मेगावॉट आहे. महाराष्ट्रातील असंख्य घरांत व कारखान्यांत हा प्रकाश पोहोचला. परंतु तो पोहोचविण्यासाठी अनेक गावे जलाशयाखाली गेली आणि तेथील कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्यांची घरे सोडून दूर जावे लागले, हेही विसरता येत नाही.

नद्यांचे उगम झाले. आता त्यांचे रक्षण करणाऱ्या अरण्याकडे वळले पाहिजे. महाबळेश्वरचे रान बाराही महिने हिरवे असते. अंजनी, जांभूळ, हिरडा, गेळा अशी झाडे येथे दाटीने वाढतात. वाऱ्याचा मारा व मातीचा पातळ थर यांमुळे माथ्यावरील झाडे फार उंच होत नाहीत. त्यांची खोडे वाकडीतिकडी असतात आणि त्यांवर शेवाळ व नेचे वाढलेले असतात. पावसाचा टपोरा थेंब प्रथम पानावर पडतो, तेथून फांदीवर, खोडावर आणि शेवटी पालापाचोळ्याच्या जाड थरावर येतो. तोवर त्याचा सारा आवेग ओसरलेला असतो. मग तो मातीला न दुखविता हळूच जांभ्यात मुरतो. पाऊस नसतानाही धुक्याचे कण पानांवर जमतात आणि थेंब थेंब खाली गळतात. या रानात शेकरू ही मोठी, तांबूस रंगाची खार राहते. उंच फांद्यांवर ती काटक्यांचे घरटे बांधते आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडावर लांब उडी घेते. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. जमिनीवर क्वचितच उतरणाऱ्या या जीवाला अखंड रान लागते. मधली झाडे तुटली, की तिचा रस्ताच तुटतो.

या रानात कारवी नावाचे झुडूप उतारांवर सर्वत्र आढळते. तिच्या सरळ काठ्यांचे कूड करून, त्यावर शेणमातीचा गिलावा देऊन डोंगरातील लोक घरांच्या भिंती उभारीत. कारवी दरवर्षी फुलत नाही. सात-आठ वर्षे ती मुकाट्याने वाढत राहते आणि मग एके वर्षी सारा डोंगर एकदम जांभळा-निळा होऊन जातो. ते वर्ष मधमाश्यांच्या सुगीचे असते. सातेरी जातीच्या मधमाश्या पेट्यांतून पाळण्याचा उद्योग येथील अनेक कुटुंबे करतात. महाबळेश्वरजवळील मांघर या गावास २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित करण्यात आले. रान तोडून जे एकदाच मिळते, त्यापेक्षा रान राखून जे वर्षानुवर्षे मिळते ते अधिक मोलाचे, हे तेथील मधाचा प्रत्येक थेंब सांगतो. शेजारच्या भिलार गावात स्ट्रॉबेरीचे मळे आहेत. या गावाने २०१७ साली आपली घरे पुस्तकांसाठी उघडली आणि ते ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून प्रसिद्धीस आले. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस २०१० साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तांबडी माती, थंड रात्री व झऱ्यांचे पाणी यांचे ते फळ आहे.

डोंगर जसे पाण्याचे रक्षण करतो, तसे त्याने एके काळी माणसांचेही रक्षण केले. महाबळेश्वरच्या पश्चिमेस व दक्षिणेस जावळीचे खोरे आहे. दाट अरण्य, अरुंद वाटा आणि उभे कडे यांमुळे ते अत्यंत दुर्गम मानले जाई. १६५६ साली शिवाजी महाराजांनी जावळी घेतली आणि त्याच सुमारास मोरोपंत पिंगळे यांच्याकडून प्रतापगड बांधविला. पुढे विजापूरचा सरदार अफझलखान मोठे सैन्य घेऊन वाईस आला. सपाट मैदानावर त्या सैन्याशी झुंजणे अवघड होते. महाराजांनी त्याला जावळीच्या रानात येण्यास भाग पाडले. हत्ती, तोफा व बाजारबुणगे यांसह खानाला ज्या वाटेने उतरावे लागले, तिला रडतोंडीचा घाट म्हणतात. नावावरूनच त्या वाटेची कल्पना यावी! १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी खानाचा अंत झाला आणि रानात दबा धरून बसलेल्या मावळ्यांनी त्याच्या सैन्याचा पराभव केला. महाराजांची बुद्धी व मावळ्यांचे शौर्य यांना या डोंगराने साथ दिली. ज्याला आपला डोंगर वाट न् वाट ठाऊक असतो, त्याला तो किल्ल्यासारखा उपयोगी पडतो.

पुढे १८२८-२९च्या सुमारास, सर जॉन माल्कम हे मुंबईचे गव्हर्नर असताना, साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी बोलणी होऊन महाबळेश्वरला इंग्रजांचे थंड हवेचे ठाणे वसले. माल्कमपेठ हे नाव त्यावरूनच पडले. उन्हाळ्यात मुंबईच्या उष्म्याने त्रस्त झालेले अधिकारी येथे येऊन राहत. आज तोच विसावा सर्वांना खुला झाला आहे.

या प्रदेशाचे आणखी एक लेणे साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरांवर आहे. ते म्हणजे कासचे पठार. उन्हाळ्यात कोणी तेथे गेले, तर उघडा, रखरखीत जांभा पाहून त्याची निराशाच होईल. परंतु ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात त्याच खडकावर फुलांचे गालिचे पसरतात. गुलाबी तेरडा, पिवळी सोनकी, पांढरे गेंद आणि निळी-जांभळी ‘सीतेची आसवे’ यांनी पठार झाकून जाते. दवबिंदू नावाची एक इवलीशी वनस्पती येथे आढळते. तिच्या पानांवरील चिकट थेंब दवासारखे चमकतात. त्यांना भुलून किडा आला, की तो चिकटतो आणि वनस्पती त्याचे भक्षण करते. खडकावरील मातीत पोषण अपुरे असल्यामुळे तिने हा उपाय शोधला आहे. वायतुरा तर जगात प्रामुख्याने सातारा परिसरातील पठारांवरच आढळतो. येथे ८५०हून अधिक जातींच्या सपुष्प वनस्पतींची नोंद झाली आहे. ही सारी संपत्ती किती मातीवर उभी आहे? काही ठिकाणी वीतभर, तर काही ठिकाणी बोटभर मातीवर! माणसाचे एक पाऊल त्या मातीवर पडले, तर फुलाबरोबर पुढच्या वर्षीचे बीही चिरडले जाते. म्हणून हंगामात रोज ठरावीक संख्येनेच प्रवाशांना तेथे प्रवेश दिला जातो. २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ स्थळांचा जागतिक वारसास्थळांच्या यादीत समावेश झाला; कास त्यांपैकी एक आहे.

इतका भक्कम दिसणारा पर्वत किती नाजूक असू शकतो, हे २०२१ साली सर्वांना कळले. त्या वर्षीच्या जुलै महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सह्याद्रीवर अतिवृष्टी झाली. महाबळेश्वरला एका दिवसात सुमारे सहाशे मिलिमीटर पाऊस कोसळला. म्हणजे माण तालुक्यात जेवढा वर्षभरात पडत नाही, तेवढा एका दिवसात! २२ जुलै रोजी कोकणात महाड तालुक्यातील तळीये या गावावर डोंगराचा कडा खचून आला आणि ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पाटण तालुक्यातही दरडी कोसळून अनेकांचे प्राण गेले. अतिवृष्टी थांबविणे मनुष्याच्या हाती नाही. परंतु उतारावरील झाडे तुटली, रस्त्यांसाठी व इमारतींसाठी डोंगर उभे कापले गेले आणि पाण्याच्या जुन्या वाटा बुजविल्या, तर अशा संकटांचे भय अधिक वाढते.

दुसरे संकट निःशब्द आहे. ज्या माथ्यावर पावसाळ्यात एवढे पाणी पडते, तेथील कित्येक वाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत हंडाभर पाण्यासाठी दूरच्या झऱ्यापर्यंत पायपीट करावी लागते. पाणी पडते, पण उतारावरून धावत निघून जाते. झाडांची मुळे, पालापाचोळा व जांभा यांनी ते धरून ठेवले, तरच झरा टिकतो. माथ्यावर जेथे झाडांच्या जागी फरशी येते, तेथे पाणी मुरण्याचे थांबते आणि खालचा झरा लवकर आटतो. झरा आटला, की त्याचा परिणाम त्या वाडीपुरता राहत नाही. नदीच्या काठाकाठाने तो दूरवर पोहोचतो. हे ध्यानी घेऊनच २००१ साली महाबळेश्वर-पाचगणी हा प्रदेश पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून घोषित करण्यात आला आणि तेथील बांधकाम व वृक्षतोड यांवर निर्बंध आले. परंतु नियम कागदावर असतो. त्याचे पालन माणसांच्या वागण्यात असावे लागते.

म्हणून येथे नव्याने येणाऱ्याने पाहुण्यासारखे यावे. फुले पाहावयाची, तर पावसाळा सरता सरता यावे. दूरचे डोंगर पाहावयाचे, तर हिवाळ्यात यावे. आणि दाट धुक्याच्या पावसाळी दिवसांत कड्यांपासून व घाटांतील दरडींपासून सावध राहावे. कड्याच्या कठड्यापलीकडे जाऊ नये. माकडांना खाऊ घालू नये. त्यामुळे ती रानातील फळे सोडून माणसांच्या मागे लागतात. प्लास्टिकची पिशवी किंवा बाटली मागे टाकू नये. कारण ती उगमापाशी टाकली, तर नदीच्या पहिल्याच घोटात मिसळते. गावातील एखाद्या वृद्धाला झाडाचे नाव विचारावे, एखाद्या झऱ्यापाशी घटकाभर शांत बसावे. वाऱ्याचा आवाज, शेकरूची हाक आणि दगडातून झिरपणाऱ्या पाण्याचा नाद हळूहळू ऐकू येऊ लागतो.

कृष्णेच्या काठी, शेकडो किलोमीटर दूर, एखादा शेतकरी सकाळी आपल्या पिकाला पाणी सोडतो. त्याने महाबळेश्वर कधी पाहिलेले नसेल, कदाचित त्याचे नावही ऐकले नसेल. तरी त्याच्या पाटात वाहणाऱ्या पाण्यात या माथ्यावर पडलेल्या पावसाचा अंश असतो. कड्यावर उभ्या राहिलेल्या प्रवाशाला तो शेतकरी दिसत नाही. परंतु समोरची हिरवी दरी पाहताना त्याची आठवण ज्याला होईल, त्यालाच या डोंगराची खरी ओळख पटली, असे म्हणावे लागेल.

अभ्यास

१. पुढील प्रश्नांची उत्तरे लिहा.
(अ) पाचगणीच्या डोंगराचा माथा सपाट का आहे?
(आ) जांभा दगडाला ‘रांजण’ का म्हटले आहे?
(इ) महाबळेश्वर व माण तालुका यांच्या पावसात एवढा फरक का पडतो?
(ई) कोयना प्रकल्पामुळे काय लाभले आणि काय गमवावे लागले?

२. कारणे द्या.
(अ) कृष्णा पूर्वेकडे वाहते. सावित्री पश्चिमेकडे वाहते.
(आ) कासच्या पठारावर प्रवाशांची संख्या मर्यादित ठेवतात.
(इ) भरपूर पाऊस पडूनही माथ्यावरील वाड्यांना उन्हाळ्यात पाणी मिळत नाही.

३. पुढील शब्दप्रयोग वाक्यांत योजा : माग घेणे, गत्यंतर नसणे, आभाळाकडे डोळे लावून बसणे, दबा धरून बसणे, ओळख पटणे.

४. ‘नद्यांचे माहेर’ हे शीर्षक या पाठाला का शोभते, ते आठ-दहा ओळींत लिहा.

५. तुमच्या गावाला पाणी पुरविणारी नदी, झरा किंवा तलाव कोठे आहे, त्याचा उगम कोठे होतो व त्याची वाट कोणत्या गावांवरून जाते, याची वडीलधाऱ्यांकडून माहिती मिळवा आणि तिचा नकाशा काढा.